दारातली तिरकी नळी

आमच्या इंग्लंडमधल्या नॉरफोकातल्या खेड्यात शेडमध्ये स्वतःच्या हाताने शर्यतीची गाडी न बांधणारा पुरुष म्हणजे एक तर पाद्री, नाही तर अंथरुणाला खिळलेला. विल्फ्रेड थॅक्स्टर दोन्ही नव्हता. पेशाने गवंडी, देहाने पिंप, आणि मोटार क्लबच्या शर्यतीत सलग चार वर्षं मेहुण्याच्या मागे. मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ डेनिस लार्टर, खाटीक. चषक त्याने दुकानात सॉसेजच्या शेजारी मांडलेला. रविवारचं मटण आणायला विल्फ्रेडला तिथेच जावं लागे.

त्याच्या गाडीचा सांगाडा पिळवटायचा. खड्ड्यात एक चाक गेलं की दार आपसूक उघडायचं. बायको म्युरिएल अंड्यांची टोपली पोटाशी धरून बसायची. शर्यतीत याने स्टिअरिंग फिरवलं की गाडीचं तोंड वळे, बूड मात्र विचार करून मागाहून येई. त्याने स्प्रिंगा कडक केल्या. गाडी होती तेवढीच बावळट राहिली, वर बसणाऱ्याचे दात वाजायला लागले.

"सांगाडाच स्प्रिंगसारखा वागतोय," म्युरिएल म्हणाली, "मग खऱ्या स्प्रिंगांनी करायचं काय?"

फिरत्या लायब्ररीची अवजड व्हॅन ती बारा वर्षं चिखलातून हाकत होती. विल्फ्रेडने ऐकून घेतलं, आणि आठवड्याने पबमध्ये स्वतःचा शोध म्हणून सांगितलं.

मग हिवाळाभर वेल्डिंग. सांगाड्याची मागची बाजू खांबांना जखडायची, पुढे आडवा वासा बांधून त्याच्या टोकाला बटाट्यांची पोती टांगायची, आणि वासा पिळाने किती खाली आला त्याची रेघ भिंतीवर खडूने ओढायची. पोती संपली तेव्हा टोकावर मला, मदतीला आलेल्या शेजाऱ्याला, बसवलं. शेवटी चोर सापडला: दाराची मोकळी जागा. पठ्ठ्याने दोन्ही दारांत तिरकी नळी जोडून टाकली. मी पुन्हा बसलो, तर वासा जागचा हलेना. सांगाडा ताठ झाला, तशा त्याने आनंदाने स्प्रिंगा मऊ केल्या.

सीट मात्र बसवली शर्यतीच्या सकाळी, जुन्या विमानतळावर. विल्फ्रेडने नळीवरून पाय आत घातला, दुसरा घातला, आणि पोट नळीवर अडकलं. हिवाळाभर सगळं मोजणाऱ्या माणसाने स्वतःला तेवढं मोजलं नव्हतं.

डेनिस लांबून हे बघत होताच. "करवत आहे माझ्याकडे," तो म्हणाला. "नळी कापू की पोट, तेवढं सांग."

नळी कापली तर गाडी पुन्हा लुळी, चषक पुन्हा सॉसेजपाशी. विल्फ्रेड घामाघूम. तेवढ्यात म्युरिएलने हॅट काढून माझ्या हातात दिली आणि नळीवरून सुळकन आत उतरली.

"म्युरिएल, ही लायब्ररी नव्हे," विल्फ्रेड म्हणाला.

"माहीत आहे. इथे गप्प बसायची सक्ती नाही."

क्लबच्या सेक्रेटरीने नियमांची वही दोनदा चाळली; बायकांना मनाई कुठेच सापडली नाही.

त्या धावपट्टीचं काँक्रीट म्हणजे नुसते सांधे नि उंचवटे. वळणावर डेनिसची गाडी बेडकासारखी उड्या मारत बाहेर जाई. म्युरिएलची चारही चाकं जमिनीला चिकटून. तिसऱ्या फेरीत तिने भावाला मागे टाकलं, आणि जाता जाता हात हलवला.

चषक आता लायब्ररीच्या व्हॅनमध्ये, बागकामाच्या पुस्तकांपाशी असतो.

यंदा विल्फ्रेडला स्वतः चालवायचंय. डेनिसचीही तीच इच्छा. बहिणीपेक्षा मेहुणा परवडला. म्हणून तो विल्फ्रेडला दुकानात एकही सॉसेज देत नाही. "बारीक हो लेका," म्हणतो, आणि कोबी घ्यायला शेजारच्या दुकानात पिटाळतो.

घरी म्युरिएल मात्र चरबी घातलेलं पुडिंग हल्ली आठवड्यातून तीनदा करते. दुसरी वाढ घेतल्याशिवाय विल्फ्रेडला उठू देत नाही.