मागच्या खोलीतली काजं

“जन्मभर सुई धरली आजीने, आणि तुम्ही छापताय काय, तर ‘गृहिणी’!”

“हळू बोल,” थोरली आपल्या लेकीला म्हणाली.

“का हळू? शिवी दिली का मी कुणाला?”

“अगं, फोटोखाली दोन ओळी तर टाकायच्या आहेत,” मामा भाचीला म्हणाला. “पाचच्या आत कागद छापखान्यात परत द्यायचाय. गृहिणी म्हटलं की कुणी काही विचारत नाही.”

“तेच तर! मला विचारायला हवंय सगळ्यांनी. चाळीस वर्षं काजं केली तिने. गावातल्या निम्म्या शर्टांची बटणं तिच्या जिवावर लागत होती.”

तिघंही स्वयंपाकघरात उभी होती. ओट्यावर रविवारच्या शोकसभेचा तो कागद पसरलेला होता, त्यावर थोरलीच्या नुकत्याच वारलेल्या आईचा फोटो. भाऊ थोरलीकडे बघत होता. ‘तुझ्यासाठीच मी गृहिणी लिहिलंय,’ असं त्याचा चेहरा सांगत होता, आणि थोरलीला ते उपकार नकोसे झाले होते.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, “अरे, शिवणशिक्षिका लिहा! केवढे वर्ग चालायचे विहीणबाईंचे!”

लेकीने थोरलीकडे पाहिलं. “कसले वर्ग?”

थोरलीने नळ सोडला आणि धुतलेलीच कपबशी पुन्हा धुवायला घेतली.

वर्ग कधी नव्हतेच. नवरा गेला तेव्हा आई सत्तावीस वर्षांची होती, पदरात दोन मुलं. शिलाई मशीन घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून शिंप्याच्या दुकानात हाताने काजं करायला बसली. दुकानाच्या पुढच्या पायरीवर, उजेडात. दोऱ्याला मेण लावायची, दाताने तोडायची. घरी आली तरी केसांत दोऱ्याचे तुकडे असायचे. “शिंपी कापड कापतो म्हणून तो कारागीर,” ती म्हणायची, “आणि मी नुसतं भोक पाडते आणि त्याला कुंपण घालते!” स्वतःच्याच विनोदावर तिला हसू आवरत नसे.

थोरलीला बघायला आले त्या दिवशी सासूबाईंनी विचारलं होतं, “आई काय करतात?” तेवीस वर्षांची थोरली पटकन बोलून गेली, “शिवणाचे वर्ग घेते.” आई चहाचा ट्रे घेऊन दारातच होती. तिने कप एकेक करून सगळ्यांपुढे ठेवले. पाहुणे गेल्यावर एवढंच म्हणाली, “बाई गं, आता मला फळा आणि खडू आणायला हवा!”

पुढे ते खोटं आईनेच सांभाळलं. सासूबाईंनी पुतणीला शिकवायला पाठवू का म्हणून विचारलं, तर म्हणाली, “यंदा वर्ग भरलाय हो.” पुढच्या वर्षीही वर्ग भरलेलाच होता. या घरी आली की सुईने चरे पडलेला अंगठा पदराच्या टोकात गुंडाळून बसायची.

लग्नानंतर वर्षभराने थोरली सासूबाईंबरोबर त्या रस्त्याने चालली होती. आई पायरीवर बसलेली, मांडीवर कुणाचा तरी कोट. नजरानजर झाली. थोरलीने सासूबाईंना समोरच्या दुकानातली भांडी दाखवायला सुरुवात केली. मागे वळून पाहिलं तेव्हा आईची मान एवढी खाली गेली होती, की कोटातच काही हरवलंय असं वाटावं.

त्यानंतर आई पायरीवर कधी दिसली नाही. थोरलीने कारण विचारलं नाही. तिला हायसं वाटलं होतं, आणि ते तिला आज लख्ख आठवत होतं.

दारावरची घंटा वाजली. शिंपी होता, आता बराच म्हातारा झालेला, हातात पत्र्याचा डबा. थोरलीने दार निम्मंच उघडलं आणि स्वतः मध्ये उभी राहिली.

“बाईंचं सामान राहिलं होतं,” तो म्हणाला. “बोटात घालायचं अंगुस्तान आहे, मेणाचा खडा आहे, भिंग आहे.”

“बरं झालं आणलंत.”

“भिंग मीच दिलं होतं. मागच्या खोलीत काही दिसायचं नाही त्यांना. ना खिडकी, ना वारा. किती वेळा म्हटलं, बाई, पुढे बसा, डोळे जातील. तर म्हणायच्या, नको, लेकीच्या सासरची माणसं या रस्त्याने जातात. जाईनात का, त्यात लाजायचं काय, म्हणायचो मी. त्या हसायच्या. शेवटी तर सुईत दोरासुद्धा ओवता येईना. तुमची मुलगी शाळेत जाता जाता दहा सुया ओवून ठेवायची. गुणी आहे पोर.”

तो जिना उतरू लागला. त्याला आत या म्हणायचं राहिलंच. डबा हातात घेऊन थोरली तशीच उभी होती आणि अजूनही दार निम्मंच उघडं होतं. आपण दारात कशा उभ्या आहोत ते तिला तेव्हा कळलं.

“काका, थांबा,” तिने हाक मारली. “आत या. चहा घेऊन जा.”

तो संकोचून आला आणि खुर्चीच्या कडेवर टेकला. सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “हे कोण गं?”

लेक आणि मामा स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबले. मामाने तो कागद घडी करून खिशात घातला होता.

थोरलीने डबा टेबलावर ठेवला.

“काढ तो कागद,” ती भावाला म्हणाली. “‘काजं करणारी’ असं लिही. चाळीस वर्षं, यांच्या दुकानात. वर्ग नव्हते, सासूबाई. ते मी रचलं होतं, आईने नाही. आणि रविवारी सगळे जमणार आहेत ते इथे नको. यांनी हो म्हटलं तर दुकानात जमू, पुढच्या पायरीपाशी.”