कवठाळवाडीचा समुद्र

१० नोव्हेंबर १९८५ रोजी मल्लिकार्जुनने रोख दोन हजार तीनशे चाळीस रुपये मोजून जपानी कॅमेरा घेतला. लातूरच्या अडत बाजारात तो एका दुकानाचा मुनीम होता. पगार बेताचा, पण पान नाही, तंबाखू नाही, सिनेमा नाही; सगळा जीव फोटोत. बायको म्हणायची, सवत परवडली असती, तिला निदान भाकरी थापायला तरी लावले असते.

जुना कॅमेरा होताच. जर्मन, भात्याचा. झाकण उघडले की काळा भाता पुढे यायचा, आणि एका रोलवर आठच फोटो निघायचे. नांदेडचा एक स्टुडिओ बंद पडला, तेव्हा मालकाच्या बायकोने तो त्याला दिला होता. नवा कॅमेरा भराभर फोटो काढायचा, पण मल्लिकार्जुनचा खरा भरवसा जुन्यावर. आठच फोटो म्हटले की माणूस विचार करून बोट दाबतो, असे तो म्हणे.

दर रविवारी तो शेषेरावला बरोबर घेऊन गावाबाहेर पडायचा. दोघे कॉलेजात एका बाकावर बसून कॉमर्स शिकलेले. लातूर वेगळा जिल्हा होऊन तीन वर्षे झाली होती; नवनव्या कचेऱ्या उघडत होत्या आणि त्यातल्याच एका सरकारी कचेरीत शेषेराव कारकून म्हणून लागला होता. पाणीटंचाईचे टेबल त्याच्याकडे. त्याला फोटोतले काही कळत नव्हते. तो स्टँड उचलायचा, छत्री धरायचा आणि वाटभर गप्पा मारायचा. मल्लिकार्जुनला एवढे पुरत होते.

त्या वर्षी भाऊबीजेला दोघे मिळूनच देवणीजवळच्या कवठाळवाडीला गेले. मल्लिकार्जुनची धाकटी बहीण उमाबाई तिथे दिलेली. पावसाळा कोरडाच गेला होता, दिवाळीत मात्र एक सर येऊन तलावाच्या तळाशी थोडे पाणी साचले होते. इतके थोडे, की बाया तांब्याने घागर भरत होत्या.

मल्लिकार्जुनने समुद्र कॅलेंडरवरच पाहिला होता. आज त्याला तो इथेच काढायचा होता. बाया घरी जाईपर्यंत तो थांबला, कारण पाण्यात एक जरी बाई उभी दिसली तर खोली कळली असती. मग जुना कॅमेरा घेऊन तो काठच्या चिखलात पालथा पडला. भिंग पाण्याला टेकायचे तेवढे राहिले. पलीकडचा बांध संध्याकाळच्या धुरकट उजेडात बुडून गेला, आणि समोर नुसते पाणी, पार आभाळापर्यंत.

"झाला का तुझा समुद्र? आता माझा एक काढ, त्यात उभा," शेषेराव म्हणाला. त्याने पँट दुमडली आणि तलावाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. पाणी त्याच्या पोटरीलाही पुरे लागले नाही. मल्लिकार्जुनने बोट दाबले आणि दोघे पोट धरून हसले.

फोटो पाहून शेषेराव खुळावलाच. कचेरीच्या भिंती कोऱ्या आहेत, साहेबांना असल्या गोष्टींची आवड आहे, तुझेही नाव होईल, असे म्हणून त्याने मोठी प्रत मागितली. मल्लिकार्जुनने ती पदरमोड करून मढवून दिली. खाली नीट अक्षरात लिहिले: कवठाळवाडीचा तलाव, नोव्हेंबर १९८५. कुठलाही कागद नावगाव आणि महिना घातल्याशिवाय हातावेगळा करायचा नाही, ही मुनिमाची सवय.

पुढच्या एप्रिलात कवठाळवाडीच्या बोअरमधून पाण्याऐवजी हवा येऊ लागली. गावाने टँकरसाठी अर्ज केला. तो फेटाळला गेला आणि टँकर गोंदेवाडीला गेला.

एके दिवशी दुपारी उमाबाई लातूरला भावाच्या दारात उभी राहिली. वहिनीने पाण्याचा तांब्या पुढे केला, तो तिने हातात घेतला नाही. ओट्यावरच टेकली.

"अण्णा, आमच्या गावात समुद्र हाय म्हनं. कचेरीत तूच नेऊन टांगलास."

मल्लिकार्जुनला आधी काही उमगलेच नाही. मग तिने तुकड्यातुकड्याने सांगितले. गावची चार माणसे साहेबाकडे गेली होती. साहेबांनी भिंतीकडे बोट केले, म्हणाले, एवढे पाणी असताना टँकर कशाला मागता? फोटो कुणाचा हे गावाला कळायला वेळ लागला नाही. आता पाणवठ्यावर बाया तिला पुढे होऊ देत नव्हत्या. तुझ्या भावाच्या समुद्रावर जा, म्हणत होत्या. घरच्या देवणी बैलजोडीला पाणी पुरवता पुरवेना, म्हणून वीरण्णाने, तिच्या नवऱ्याने, एक बैल उदगीरच्या बाजारात विकला होता. दुसरा दावणीला एकटा हंबरत होता.

"गावाला काय सांगू?" तिने विचारले.

मल्लिकार्जुन तसाच उठून कचेरीत गेला. वाटेत त्याने मनाची समजूत घातली होती की शेषाला हे ठाऊक नसणार, तो त्या दिवशी रजेवर असणार. शेषेराव टेबलावरच होता. मित्राला बघून त्याने खुर्ची सरकवली, चहा सांगितला. टँकर एकच उरला होता, अर्ज दोन गावांचे होते, आणि गोंदेवाडी ही त्याची सासुरवाडी होती, हे त्याने लपवलेही नाही.

"तू साहेबाला काय सांगितलंस?"

"मी काहीच बोललो न्हाई, मल्लू. कवठाळवाडीला पाण्याची सोय काय, म्हणून त्यांनी विचारलं. मी भिंतीकडं बघितलं."

"तू उभा होतास त्या पाण्यात."

शेषेरावने पेनाचे टोपण लावले. "माझी सासू डोक्यावर घागर घेऊन कोसभर चालत होती. आन् खरं सांगू का, फोटो लई चांगला होता. वाईट असता तर साहेबाला पटलंच नसतं."

चहा आला. मल्लिकार्जुन न पिता उठला.

त्या रोलची फिल्म त्याने कापली नव्हती. समुद्र आणि त्यात पोटरीही न बुडालेला शेषेराव, दोन्ही फोटो एकाला एक लागून होते. तलाव दुसराच आहे असे कुणाला म्हणता आले नसते. शिवाय आज तळ कसा भेगाळला आहे, तेही नव्या कॅमेऱ्याने काढून आणायचे होते. महिनाअखेर होती आणि रोल, कागद, एसटीचे भाडे यांसाठी खिशात काही नव्हते. उमाबाईने कनवटीची पुरचुंडी सोडली. बैलाच्या पैशांतले बेचाळीस रुपये तिने ओट्यावर ठेवले, त्याच्या हातात दिले नाहीत.

साहेबांनी फोटो नीट पाहिले. शेषेरावची दुमडलेली पँट बघून त्यांना हसू आले. शेषेरावही हसला. पुढच्या आठवड्यात कवठाळवाडीला एक दिवसाआड टँकर सुरू झाला. भिंतीवरचा फोटो उतरवून द्या, अशी मल्लिकार्जुनने विनंती केली, तेव्हा साहेब म्हणाले, राहू द्या, डोळ्यांना गारवा वाटतो. शेषेरावला त्या दिवाळीआधी बढती मिळाली आणि तो नांदेडला गेला. जाताना घरी पेढे देऊन गेला. मल्लिकार्जुनच्या बायकोने ते शेजारी वाटून टाकले.

रविवारी आता तो एकटाच बाहेर पडतो. स्टँड स्वतःच उचलतो. कुणी छापील प्रत मागितली तर देत नाही. घरी येऊन बघा, म्हणतो.

त्याच वर्षी श्रावणात, नागपंचमीला, तो बहिणीला आणायला गेला होता. गावात टँकर आला तो त्याच्या फोटोंमुळे, हे त्याने पारावर सांगितले. लोकांनी ऐकून घेतले. उमाबाईने जेवायला वाढले, पण माहेरी आली नाही. त्याने बेचाळीस रुपये पुढे केले. बैल घेऊ तेव्हा दे, ती म्हणाली.

बैल अजून घेतलेला नाही. उमाबाईचे बेचाळीस रुपये मल्लिकार्जुनकडे निघतात.