शून्य टक्के बॅटरीवर पलूस

मिरजेच्या डॉक्टरांनी मावशीला सोमवारची तारीख दिली आणि मी शुक्रवारी सकाळीच साताऱ्याहून निघाले. तिच्या गळ्यातली गाठ काढायची होती. गाठ साधी आहे, पण आवाजाची नस तिथूनच जाते, आवाज पहिल्यासारखा राहीलच असं सांगता येत नाही, असं ते म्हणाले होते. माझी आई जाऊन सहा वर्षं झाली. आईचं लहानपण सांगू शकणारं माणूस आता ही थोरली बहीण एवढंच. तिचा आवाज सोमवारच्या आत नीट ध्वनिमुद्रित करून घ्यायचा, एवढ्यासाठी हा प्रवास होता.

"मग मोबाइलवर करायचं की!" हे मला आत्तापर्यंत नऊ जणांनी सांगितलंय. केलं होतं. मावशीचा आवाज गाठीमुळे इतका बारीक झालाय की मोबाइलवर घरघर जास्त आणि मावशी कमी येते. म्हणून चांगला मायक्रोफोन घेतला, तो लॅपटॉपला जोडायचा. लॅपटॉप जुना, त्यावर मी हट्टाने दहा वर्षं लिनक्स वापरते. गेल्या महिन्यात साताऱ्यात एका दुरुस्तीवाल्याकडून बॅटरीचे आतले सेलही बदलून घेतले होते. तयारी चोख होती, असं मला वाटत होतं.

सातारा ते कराड एसटीने जायचं असेल तर तासाऐवजी दोन तास धरून चला. महामार्गाचं रुंदीकरण चालूच आहे. दर दहा मिनिटांनी गाडी सेवा रस्त्यावर उतरते आणि हाडं खिळखिळी करून परत वर येते. बायकांना अर्धं तिकीट, ही एक कृपा. उंब्रजच्या अलीकडे मी एक चाचणी म्हणून लॅपटॉप उघडला. शंभर टक्के. आठ मिनिटांनी सत्तर. पुढच्या दहा मिनिटांत तेवीस. कराडचं स्टँड दिसायच्या आत 'बॅटरी संपली' अशी सूचना आली आणि पडदा काळा झाला. नवे सेल, आणि पंचवीस मिनिटं!

कराडच्या स्टँडसमोर मिसळ खाल्ली. चांगली होती म्हणे. माझं लक्ष नव्हतं. एका हाताने पाव मोडत मी दुरुस्तीवाल्याला संदेश लिहिला : 'तुम्ही मला जुने सेल विकलेत. वयस्कर माणसाच्या आजारपणात फसवलंत.' शेवटचं वाक्य लिहिताना जरा थबकले. पण पाठवलं.

मग ताकारी, कुंडल करत पलूस. या रस्त्याला दोन्ही अंगांना ऊस, मधेच द्राक्षबागा, आणि समोरून उसाचे ट्रॅक्टर. एरवी मी खिडकीशी नाक लावून बसते. या वेळी मांडीवर मोबाइल आणि त्यात जगभरच्या लिनक्सवाल्यांच्या तक्रारी. माझ्यासारखीच बॅटरी असलेल्या एकाने तीन पानं रडगाणं लिहून शेवटी लिहिलंय, 'सुटला प्रश्न, सगळ्यांचे आभार.' कसा सुटला ते लिहिलेलं नाही. असल्या माणसांना देव बघून घेईल.

मावशी दारातच होती. "आलीस व्हय? वाळलीस की गं." आवाज खरंच कागद फाटावा तसा येत होता. मी नेलेल्या कंदी पेढ्यातला एक तिने दुधात कुस्करून खाल्ला आणि म्हणाली, "सकाळी बोलीन. दुपारनं माझं मडकं फुटतंय."

इथे खरी अडचण सांगते. मावशीचा आवाज सकाळीच टिकतो. आणि त्या आठवड्यात लाइनच्या कामामुळे गावातली वीज सकाळी आठला जाऊन दुपारी येत होती. घरात इन्व्हर्टर आहे, पण त्यात पाणी घालायचं गेल्या दिवाळीपासून राहिलंय. म्हणजे सगळी भिस्त लॅपटॉपच्या बॅटरीवर.

शनिवारी सकाळी मावशी परसात बाजेवर बसली. मी मायक्रोफोन लावला. ती सांगायला लागली, "तुझी आय लय हट्टी. एकदा काय झालं..." आणि चोवीस मिनिटांनी पडदा काळा. परत चालू केला. शून्य टक्के, एका मिनिटात आपोआप बंद. परत चालू, परत बंद. चौथ्यांदा मी त्याला शिवी दिली.

मावशी ज्वारी निवडता निवडता बघत होती. "मेलं म्हणतंय न्हवं ते?"

"हो. शून्य."

"मग मेलेला बैल चारदा उठतोय कसा?"

मी काहीतरी तोडून बोलणार होते. बोलले नाही, कारण तिचं बरोबर होतं. चालू होताना लॅपटॉप सगळ्यात जास्त वीज खातो. खरंच शून्य असतं तर चारदा उठला नसता.

"अगं, एका वजनकाट्याचं कवा ऐकू न्हाई," मावशी म्हणाली. तिचे यजमान फौजेत असताना तीस वर्षं ऊस हिनेच पिकवला आणि कारखान्याला घातला. "आमी कारखान्याच्या काट्यावर जायच्या आदी बाहेरच्या काट्यावर गाडी चढवायचो. दोन्ही चिठ्ठ्या हातात असल्या की मग बोलायचं. तुझ्याकडं दुसरा काटा न्हाई व्हय?"

होता. लॅपटॉप सुरू होतानाच एफ-टू दाबलं की सेटिंगचा एक निळा पडदा येतो. तिथे लिनक्स सुरूच झालेलं नसतं, त्यामुळे टक्के बघून बंद करणारं कुणी नसतं. मी तो पडदा लावला आणि भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. साडेनऊ. दहा वाजले, चालू. साडेदहा, चालू. अकरा वाजता मावशीने भाकरीला बोलावलं आणि मी स्वतःच बटण दाबून तो बंद केला. मेलेला लॅपटॉप दीड तास जिवंत होता.

दुपारी मी पलूसहून सांगली आणि तिथून रिक्षाने कुपवाड गाठलं. तिथल्या औद्योगिक वसाहतीत द्राक्षांच्या फवारणी पंपांच्या बॅटऱ्या बांधून देणारं एक शेड आहे. जात असाल तर पाण्याची बाटली न्या. दुचाक्यांच्या रांगा आहेत, सावली नाही. मालक पन्नाशीचे, जैन, कपाळावर चष्मा. मी सकाळची हकीकत सांगितली आणि लिनक्सचे आकडे दाखवले : बॅटरी कोरी असताना मावायची वीज अठ्ठेचाळीस वॉट-तास, आता मावते म्हणे सहा.

"ताई, सेल कवा बदलले?"

"गेल्या महिन्यात. फसवलं मला."

त्यांनी मीटर लावला, चष्मा खाली घेतला. "सेल लय चांगले हायत. पण आत एक चिप असते, ती जुनीच. तिला वाटतंय, अजून ते म्हातारे सेलच हायत. ती सहाच मोजते, तुमचं मशीन तिचं ऐकून बंद होतंय. एकदा भरून पार मरेपर्यंत उतरू द्या, मग एका दमात भरा. चिप नवं माप शिकते. सेल बदलणाऱ्यानं सांगितलं न्हाई?"

सांगितलं होतं. 'मॅडम, पहिल्यांदा पूर्ण उतरू द्या.' मी मनात हसले होते, जुन्या काळच्या समजुती म्हणून. तरी दोनदा उतरवली होती, रात्री लावून झोपले होते, किती वेळात उतरली ते पाहिलंच नाही. पण लिनक्सच्या शून्यापर्यंत. ते शून्यच खोटं होतं.

"सकाळी दीड तास चालला ना? तवा थांबायचं न्हवतं," मालक म्हणाले. "मरू द्यायचा." पैसे घेतले नाहीत, चहा मात्र पाजला.

उतरवून पुन्हा भरायला सगळी रात्र गेली असती, मधेच सकाळी आठला वीज गेली तर बॅटरी अर्धीच राहिली असती, आणि हातात एकच सकाळ उरली होती. म्हणून संध्याकाळी मी दुसरा उपाय केला. लिनक्समध्ये यूपॉवर नावाची एक सेवा टक्क्यांवर नजर ठेवून यंत्र बंद करते. तिच्या सेटिंगच्या फाइलमध्ये मी 'बंद कर'च्या जागी 'दुर्लक्ष कर' लिहिलं. त्यासाठी 'धोका पत्करायला तयार आहे' अशी आणखी एक ओळ लिहावी लागते. (तुम्ही करणार असाल तर काम जपून ठेवत राहा, खरंच संपली तर यंत्र न सांगता बंद पडेल. मी दर पाच मिनिटांनी वेगळी फाइल होईल असं लावलं.)

रविवारी सकाळी पुन्हा परस, पुन्हा बाज. पंचविसाव्या मिनिटाला आकडा शून्यावर आला. पडदा काळा झाला नाही. मावशी बोलत होती, आणि मी त्या शून्याकडे बघायचं नाही असं ठरवून तिच्याकडे बघत बसले.

ती आदल्या दिवशी तुटलेली गोष्ट सांगत होती. आई चौदा वर्षांची, सुट्टीत बहिणीकडे आलेली. बैलगाडीत उसावर चढून बसली. बाहेरच्या काट्यावर गाडी चढली ती आईसकट. कारखान्याच्या फाटकाशी मात्र ती तहान लागली म्हणून खाली उतरली. तिथे वजन कमी भरलं. मावशीने चिठ्ठी नाचवत काटेवाल्याचा उद्धार केला, चार गाडीवाले गोळा केले. "घरी येताना हिला गाडीत चढवली, बैलांनी मान खाली घातली, तवा माझ्या टकुऱ्यात उजेड पडला. तुझी आय उसात मोजली होती गं! पस्तीस किलो! त्या बिचाऱ्याला मी चोर म्हटलं. परत जाऊन सांगायला लाज वाटली. तुझ्या आयनं शपथ घातली, कुणाला सांगू नगं. आज सांगितलं बग."

ती हसली, हसता हसता खोकली. मला कराडचा माझा संदेश आठवला.

सोमवारी ऑपरेशन नीट झालं. नस वाचली असं म्हणतात, पण महिनाभर बोलायचं नाही. मावशी पाटीवर लिहिते. परवा लिहिलं : 'लय कटाळा.'

साताऱ्यात परतल्यावर मी आधी दुरुस्तीवाल्याकडे गेले. माफी मागितली. तो म्हणाला, "मॅडम, ते वयस्कर माणसाचं वाक्य फार लागलं." मी मान खाली घातली. मग घरी बॅटरी पार मरेपर्यंत उतरवली आणि एका दमात भरली. आता शंभर म्हणजे जवळपास शंभर असतं. यूपॉवरची फाइलही पूर्ववत केली.

ध्वनिमुद्रण मी रोज थोडं ऐकते. शेवटची फाइल मात्र पुन्हा पुन्हा. तिच्यात खोकल्यानंतर थोडी शांतता आहे, सुपात ज्वारी हलल्याचा आवाज आहे, आणि मग :

"बंद पडलं व्हय गं?"

"नाही मावशी."

"किती हाय?"

"शून्य."

"मग बस की. अजून सांगते."