आधी छापून आलेलं पाणी

मला एका जागी बसवत नाही. बी.कॉम. झाल्यावर बँकेच्या परीक्षा देत बसण्याऐवजी मी वार्ताहर झाले, तेव्हा घरी कुणाला नवल वाटलं नाही. वाईट मात्र वाटलं. आई शेजारणींना सांगायची, "पेपरात आहे," आणि लगेच विषय बदलायची, कारण पेपरात म्हणजे नेमकं कुठे, असं कुणी विचारलं तर दाखवायला तिच्याकडे काही नव्हतं.

दोन हजारनंतरची ती वर्षं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी तीन गावं माझ्या वाट्याला आणि तिन्ही गावांना मिळून पेपरात अर्धं पान. सकाळी अंबरनाथच्या एमआयडीसीत कंपनीच्या गेटवर कामगारांची सभा, दुपारी बदलापूरला शाळेचं बक्षीस वितरण, तिथून शेअर रिक्षात अर्धी आत अर्धी बाहेर बसून उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात. एवढं करून बातमीवर नाव नाही. 'अंबरनाथ, वार्ताहर' इतकंच. बातमी गाजली तरी वार्ताहर, फसली तरी वार्ताहर. ठाण्याच्या ऑफिसात पगारी जागा निघणार होती. आमचं जिल्ह्याचं पान बघणारे संपादक, त्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो, त्यांनी मला फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "एक बातमी अशी आण की तिच्यावर तुझं नाव टाकावंच लागेल. मग मी वरती बोलतो." त्या एका बातमीसाठी माझा जीव नुसता खालीवर होत होता. रात्री झोपतानाही वाटायचं, ती आत्ता कुठेतरी घडते आहे आणि मी इथे चादर ओढून पडले आहे.

पण नाव लागावं अशी बातमी आमच्याकडे निपजणं कठीण होतं, कारण आमच्याकडच्या बातम्या सामायिक असत. तीन नंबरच्या बाजारात जीन्सच्या दुकानांवर एक सायबर कॅफे होता. उन्हं कलली की निरनिराळ्या पेपरांचे आम्ही वार्ताहर तिथे जमायचो. एकाने कोर्ट बघितलेलं असे, एकाने पोलीस ठाणी, एकाने पालिका. ज्याने जे आणलं ते तो टाइप करी आणि बाकीचे त्यातलं पहिलं वाक्य बदलून आपापल्या पेपरला पाठवत. तिन्ही गावं एकट्याने पालथी घालणं कुणाला शक्य नव्हतं, त्यामुळे यात लबाडी आहे असं कुणालाच वाटायचं नाही. त्या खुर्च्यांवरचे लोक पुढे कुठे कुठे पांगले. एकजण बदलापुरात फ्लॅट विकायला लागला आणि पत्रकारितेपेक्षा त्यात फार चांगला निघाला. एकजण पुढाऱ्याची भाषणं लिहायला गेला, एकजण टीव्ही चॅनलचा कॅमेरा खांद्यावर घेऊन परत आला आणि आम्हाला ओळख देईनासा झाला.

त्या कॅफेतले आमचे मुखिया म्हणजे दादा. वयाने सगळ्यांत मोठे, तिन्ही गावांतल्या प्रत्येक साहेबाचा नंबर तोंडपाठ. दादा वाईट माणूस नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे माझा तोल जाणार आहे. मला बातमी लिहायला त्यांनीच शिकवलं, पंचनामा कसा वाचायचा तेही त्यांनीच. आणि अ‍ॅडव्हान्स लिहायलाही त्यांनीच शिकवलं. आमचं पान संध्याकाळीच छापायला जायचं आणि पुढाऱ्यांचे कार्यक्रम नेमके संध्याकाळी असायचे. मग कार्यक्रमाआधीच बातमी लिहून पाठवायची, 'उत्साहात पार पडला' म्हणून. दादा म्हणायचे, "उद्घाटनात वेगळं काय होणार आहे? नारळ फुटणार, भाषण होणार, चाय-बिस्कूट होणार. जाऊन काय नवीन बघणार तू?"

त्या दिवशीचं उद्घाटन आमच्याच टेकडीवर होतं. अंबरनाथ-बदलापूरच्या मधल्या चिखलोलीच्या अलीकडे एका उतारावर आमची वस्ती. आमची बौद्धांची घरं विहाराच्या आसपास, बाकीची त्याच्या वर. पाण्याचा नळ टेकडीखाली. आईचं अर्धं आयुष्य ती चढण चढण्यात गेलं होतं. आता वरपर्यंत पाइप टाकून विहारासमोर नळ बसवला होता आणि संध्याकाळी पाहुणे येऊन चावी फिरवणार होते. मी कॅफेतून लवकर उठले तेव्हा दादा म्हणाले, "जा तू आरामात. तेरी कॉपी मैं भेज देता हूँ. घरचं कार्य समज." ते असं नेहमीच करत. ज्याला वेळ नसेल त्याच्या पेपरला बातमी तेच पाठवून द्यायचे.

पाहुणे आले. नारळ फुटला. चावी फिरली. नळातून बराच वेळ नुसती हवा आली, मग चमचाभर लाल गाळ, मग काहीच नाही. तरी टाळ्या वाजल्या, कारण टाळ्या ठरलेल्या होत्या. पाणी खात्याचे साहेब पाहुण्यांच्या कानात काहीतरी पुटपुटले, पाहुण्यांनी घड्याळ बघितलं आणि गाड्या उतारावरून निघूनही गेल्या. मी धावत खाली एसटीडी बूथवर आले. ऑफिसात फोन लावला, तर उपसंपादक म्हणाला, "पान गेलं."

"अरे, पण पाणी आलंच नाही!"

"मग मी काय करू? मशिनवर आहे पान."

दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत मथळा जवळपास एकच होता. टेकडीवर अखेर पाणी, महिलांच्या डोळ्यांत आनंदाश्रू. आई अक्षरांवर बोट ठेवून वाचते. ती 'आनंदाश्रू'वर थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. समोरच्या मावशी हातातली कात्री थांबवून म्हणाल्या, "कोणाच्या डोळ्यात गं? मी तर इथेच होते." मावशी उल्हासनगरच्या कारखान्यांतून येणाऱ्या जीन्सचे लोंबते धागे घरी बसून कापायच्या. दिवसभर त्यांच्या दारात निळ्या पँटींचा ढीग असायचा.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तशीच कॅफेत जाऊन दादांशी सगळ्यांसमोर भांडले. ते चिडलेसुद्धा नाहीत. "पाइप डाला है ना? मग पाणी आज ना उद्या येणारच. बातमी खोटी कुठे आहे, थोडी लवकर आहे." कॅफेच्या मालकाने माझ्यासमोर थंड पाण्याचा ग्लास ठेवला. मी तो न पिता खाली उतरले आणि सरांना फोन केला. सर म्हणाले, "खरं असेल तर लिही. उद्घाटनाचा फज्जा. आपली चूकसुद्धा आपणच छापू, आणि तुझ्या नावाने छापू. आज संध्याकाळपर्यंत पाठव."

तुझ्या नावाने! बाजारातून चालताना मी किती जणांना धडकले देव जाणे. घरी येऊन उंबऱ्यावर बसून एका दमात बातमी लिहिली. आजही सांगते, चांगली लिहिली होती. मग आईला आणि मावशींना मोठ्याने वाचून दाखवली. शाबासकी मिळेल अशी माझी अपेक्षा होती.

मावशी म्हणाल्या, "हे नको छापू."

"का? खोटं छापलं तर चालतं आणि खरं नको?"

"ऐक तर. आता पेपरात काय आलंय? साहेबांनी पाणी दिलं. त्याच्या नावासकट आलंय. वरच्या लोकांनी वाचलं असणार, त्याची पाठ थोपटली असणार. तू उद्या लिहिशील की पेपरवाल्यांची चूक झाली. साहेब सुटला ना मग. म्हणेल, मी कुठे बोललो होतो पाणी दिलं?" त्यांनी एक धागा कापला. "आपण त्याला सोडायचं नाही. आपण त्याचा सत्कार करायचा."

"सत्कार?"

"पेढे घेऊन जायचं. रविवारी विहारासमोर शाल, श्रीफळ. आणि या नळाचं पाणी पहिलं त्यालाच पाजायचं. बघू कुठून आणतो."

मला हसू यायला हवं होतं, पण मला संताप आला. माझं नाव माझ्या हातात होतं आणि या दोघी ते ठेवून दे म्हणत होत्या. मी तसं बोललेही. तेव्हा आई पहिल्यांदा बोलली, "तुझं नाव काय, पुढच्या महिन्यात पण येईल. माझे गुडघे परत यायचे नाहीत." मी सरांना फोन करून रविवारपर्यंत मुदत मागितली. ते म्हणाले, "बातमी शिळी होईल." मी म्हटलं, होऊ दे, आणि फोन ठेवल्यावर स्वतःलाच चार शिव्या घातल्या.

बायका पाणी खात्याच्या कचेरीत गेल्या. मी मागे उभी राहिले. मावशींनी पेपर साहेबांच्या टेबलावर पसरला, पेढा पुढे केला आणि म्हणाल्या, "साहेब, लय उपकार झाले. रविवारी यायचं बरं का. पेपरवाल्यांना पण बोलावलंय." आणि माझ्याकडे बोट केलं. साहेबांनी एकदा मथळ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. पेढा त्यांच्या हातातच राहिला. बाजूच्या टेबलावरचा कारकून मनापासून म्हणाला, "अभिनंदन साहेब, मीपण वाचलं." त्या माणसाची मला तेव्हा थोडी दयासुद्धा आली.

त्यानंतर उतारावर माणसं आली. खोदाखोद सुरू झाली. खाली कुठेतरी जोडच दिला नव्हता म्हणे. आणि माझे हाल सुरू झाले. बातमी पर्समध्ये घेऊन मी तिन्ही गावं फिरत होते, कुठल्याही कार्यक्रमात मन लागत नव्हतं, लोक बोलत असताना मध्येच उठून जात होते. सकाळी उठले की आधी त्या नव्या नळाशी जायचे आणि चावी फिरवून बघायचे. कोरडा असला की मला बरं वाटायचं. खरं तेच सांगते. आई डोक्यावर हंडा घेऊन माझ्या बाजूने धापा टाकत वर जात असायची, आणि मला बरं वाटायचं की अजून पाणी आलेलं नाही, अजून माझी बातमी जिवंत आहे. मग दिवसभर त्याची शिसारी यायची आणि दुसऱ्या सकाळी मी पुन्हा नळाशी उभी.

रविवारी विहारासमोर खुर्च्या मांडल्या. साहेब आले, घामाघूम. मावशींनी चावी फिरवली. पहिल्यांदा लाल आलं. मग गढूळ. आणि मग पाणी आलं. चांगलं करंगळीहून जाड धारेने आलं. मावशी हातातलं फुलपात्र विसरल्या. त्यांनी नळाखाली हात धरला, निळ्या रंगाने कायमचे डागळलेले ते हात, आणि तशाच उभ्या राहिल्या. साहेब शाल घेऊन ताटकळत होते. कुणी रडलं नाही. मावशी नळाला म्हणाल्या, "मेल्या, एवढे दिवस कुठे होतास?" आणि सगळी टेकडी हसली. मीही हसले. त्या क्षणी मला माझं नाव आठवलंसुद्धा नाही.

आठवलं ते उतार धावत उतरताना. हीच तर बातमी! खोट्या बातमीचा सत्कार करून बायकांनी पाणी आणलं. असली बातमी तिन्ही गावांत कुणाकडे नव्हती. बूथवर मी सरांना एका श्वासात सगळं सांगितलं. ते हसले, अगदी मनापासून हसले. मग म्हणाले, "ग्रेट आहेत बायका. पण छापायचं काय यात?"

"म्हणजे? पाणी आलं, सर!"

"ते आपण छापलंय की. तेव्हाच. आता परत पाणी आलं म्हणून कसं छापणार?"

"आणि फज्जा झाला होता ते?"

"आता पाणी आलंय ना? मग आपण चुकलो होतो हे आता कशाला सांगायचं? तेव्हा दिलं असतंस तर गोष्ट वेगळी होती." आणि लगेच विचारलं, "दुसरं काही आहे आज?"

बदलापूरच्या एका क्रीडा स्पर्धेचा निकाल होता माझ्याकडे. तो सांगितला. ठाण्याची जागा त्याच महिन्यात भरली गेली, दुसऱ्याने.

वर आले तर आई घरातलं प्रत्येक भांडं भरत होती. हंडे, कळशी, टोप, डबे, अगदी आमटीच्या वाट्यासुद्धा. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "उद्या छापून येणार ना?"

"आलंय ना आई, आधीच."

"ते नाही गं. आजचं."

मी म्हटलं, बघू.

सोमवारी सकाळी ती स्वतः खाली गेली आणि पेपर विकत घेऊन आली. आयुष्यात पहिल्यांदा. पदराने हात पुसून, पाय पसरून दारात बसली आणि बोट ठेवून वाचायला लागली. आमचं अर्धं पान वाचलं, ते पुन्हा वाचलं. मग बाकीची पानं. क्रिकेट, शेअर बाजार, सिनेमाच्या जाहिराती, सगळ्यांवरून तिचं बोट फिरलं. मी तिला थांबवायला हवं होतं, पण मला धीर झाला नाही. शेवटचं पान झाल्यावर तिने पेपरची नीट घडी केली.

"यात नाही आलं," ती म्हणाली. "म्हणजे जाईल काय गं पाणी परत?"

आणि उत्तराची वाट न बघता उठून तिने भरलेल्या हंड्यांवर एकेक करून झाकणं ठेवली.