घोडी आवरणारी सून

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी आईलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, तरी कान मागेच आहे — पलीकडच्या खोलीत मामाजी जागे असतील का?

मामाजी म्हणजे माझे सासरे. कामरगावात वरातीला लोक त्यांचीच घोडी न्यायचे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या घोडीच्या जवळपासही गेले नाही. ती नुसती फुरफुरली तरी मी आतल्या खोलीत जायचे. पण घोडेवाल्याच्या घरात हे सांगायचं कुणाला?

दुपारी कामं आटोपली की मी मोबाइलवर एक गेम खेळायचे. घोड्यावर बसून नदी, डोंगर, पूल पार करायचे. माझा घोडा दर वेळी पुलावर बिथरायचा आणि मला खाली टाकायचा. एकदा मामाजी मागून बघत होते. म्हणाले, "लगाम काहून ओढून राह्यली वं? जनावर भेते. हात ढिला ठेव."

मी अंगठा हलका केला — घोडा पुलावरून सरळ पलीकडे गेला. मग ते रोज शेजारी बसू लागले. वळण यायच्या आधीच वेग कमी कर, म्हणायचे. महिन्याभरात माझा घोडा कुठूनही जाऊ लागला, आणि मामाजी गावभर सांगत सुटले, आमची सून घोडी आवरते. मी नुसती हसायचे. खरं काय ते का सांगितलं नाही मी?

त्या सकाळी घरात आम्ही दोघंच होतो. एका वरातीची सुपारी घेतली होती, मामाजी गोठ्यात घोडीला लगाम चढवत होते. तेवढ्यात गल्लीत कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. घोडी उधळली आणि तिनं त्यांना भिंतीशी दाबलं. शेजारी धावले तोवर खुब्याचं हाड मोडलं होतं. मी सगळ्यांच्या नंतर आले — बादलीत ओली साडी घेऊन. म्हटलं, नाल्यावर धुण्याला गेले होते.

ती साडी... कशी सांगू? ती धुतलेलीच होती. कपाटातली घडीची साडी मी मोरीत भिजवली होती.

मी गोठ्याच्या दारातच होते. फटाके वाजले तशी धावत गेले होते. लगाम माझ्यापासून दोन हातांवर लोंबत होता. मामाजींनी मला पाहिलं. "लगाम धर, सूनबाई. तुले येते," एवढंच म्हणाले. घोडीचे पांढरे झालेले डोळे मला दिसत होते. मी मागे वळले, घरात आले आणि कडी लावली. त्यांनी आणखी दोनदा हाक मारली. मी नळ सोडला. मग मागच्या दारानं निघून गेले.

घोडी विकली. मामाजी बाजेवरच असतात. कुणी भेटायला आलं की विचारतंच, सून कुठं होती तेव्हा? मला वाटतं — आज सांगतील का? ते माझ्याकडे न बघता म्हणतात, "थे धुण्याले गेली होती."

काल नणंद आली होती. तिनंही विचारलं. मामाजींनी तेच सांगितलं आणि माझ्या हातून पाणी घेतलं. मी तिथंच उभी होते.