देवसिंगच्या तांड्यावरचे पतंग

१९६१ साली दिग्रसला कापसाच्या किडींवर काम करणारी एक लहान कचेरी होती. मी तिथं कारकून आणि लखीराम राठोड रोजंदारीवर. तांड्यातांड्यांतून फिरून पऱ्हाटीची किडकी बोंडं आणायची, आतली अळी डबीत पोसायची आणि पतंग निघाला की डबीवर जागेचं नाव लिहायचं, हे त्याचं काम. साहेब आमचे पुण्याकडचे. ठिपक्याच्या बोंडअळीचे पतंग एकाच प्रजातीचे असले, तरी त्यांत जाती दोन. एकीचे पंख सबंध हिरवे, दुसरीचे पांढुरके आणि मधोमध हिरवा पट्टा. कोणती जात कुठं राहते, याचा साहेब नकाशा करत होते. काम नीट झालं तर लखीरामला कायम करायचं त्यांनी कबूल केलं होतं.

आश्विनात लखीरामनं देवसिंगच्या तांड्यावरून पट्ट्याचे पतंग आणले, पौषात हिरासिंगच्या तांड्यावरून हिरवे. दोन्ही जागा घाटंजीकडच्या, एकाच नाल्याकाठी. इतक्या जवळ दोन जाती वेगवेगळ्या राहतात हे पाहून साहेब हरखले आणि स्वतः जाऊन आले. परतले ते रागातच. हिरासिंगचा तांडा सापडला होता. देवसिंगचा तांडा नाहीच, असं विहिरीवरच्या बाईनं सांगितलं होतं. लखीरामनं घरच्याच वावरातली बोंडं आणून डब्यांवर मनाला येईल ते लिहिलं, असं साहेबांचं म्हणणं. उद्यापासून येऊ नको, म्हणाले.

लखीराम वाद घालणारा नव्हता. "साहेब, एक डाव माह्यासंगं चाला," तो म्हणाला. "मंग काढा मले."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. विहिरीवर तीच बाई होती. लखीरामनं तिला भुरीकाकी म्हणून हाक मारली, बंजाऱ्यांच्या गोरबोलीत घरच्यांची विचारपूस केली आणि मग साहेबांना कळावं म्हणून मराठीत विचारलं, "काकी, देवसिंगचा तांडा कोन्ता?"

"तुले ठाऊक नाही काय? माहा धनी होता तवा हाच त्याचा तांडा होता. दिवाळीनंतर गेला तो. आता पोरगा हिरासिंग हा नाईक हाय. मेल्या मानसाचा तांडा असते काय कुठी?"

नाईक बदलला की तांड्याचं नाव बदलतं, ही गोष्ट लखीरामला सांगण्याजोगी वाटलीच नव्हती.

कचेरीत आल्यावर साहेबांनी नकाशावरचे दोन ठिपके खोडून एकच केला. दोन्ही जाती एका जागी, ऋतू तेवढा वेगळा. ठिपक्यापाशी नाव कोणतं घालू, असं त्यांनी लखीरामला विचारलं.

"हिरासिंगचंच," तो म्हणाला. "पन पेन्सिलीनं लिवा, साहेब."

चैत्रात लखीराम कायम झाला. नाव मात्र साहेबांनी शाईनंच लिहिलं.