मसुरासारखं भिंग

१२ नोव्हेंबर १९९८, गुरुवार. नळाला पाणी उशिरा आले. गॅसवाला येऊन गेला. बायडाबाईंना आक्कांनी मेसमधून काढले.

एवढे मी दुपारीच लिहून टाकले, कारण राग आवरत नव्हता.

बायडाबाई मूळच्या कागलच्या. राजारामपुरीतल्या आक्कांच्या मेसमध्ये त्या कित्येक वर्षे धान्य निवडत. त्यांचा नवरा, घरात सगळ्यांचे आण्णा, ट्रक चालवायचा. उन्हाळ्यात तो गेला. पुढे बायडाबाईंना जवळचे दिसेना, तेव्हा मुलगा कृष्णात म्हणाला, "आण्णांचा चष्मा हाय की! भिंगं धड हाईत, वाया का घालवायचा?" गेलेल्या माणसाचे कपडे लोक देऊन टाकतात, चष्मा मात्र बायकोच्या नाकावर!

मग भातात खडे राहू लागले. आज जेवायला आलेल्या एका मुलाचा दात दुखावला, आणि आक्का सगळ्यांसमोर ओरडल्या, "चष्मा लावून बी दिसत न्हाय? लक्ष कुठं असतंय तुझं? उद्यापास्नं येऊ नगंस."

बायडाबाई मेसच्याच गल्लीतल्या माझ्या घराच्या पायरीवर बसून रडत होत्या. मी तो चष्मा मागून घेतला आणि वर्तमानपत्रावर धरला. अक्षरे बारीक झाली! अशा भिंगातून तांदूळच लहान दिसणार, मग खडा कुठला सापडायला? माझा वाचायचा चष्मा धरला, तशी अक्षरे मोठी झाली. मी दोन्ही चष्मे त्यांच्या हातात दिले. "बोटांनी चाचपून बघा."

त्यांनी चिमटीत भिंग फिरवले. "तुमचं मसुरागत हाय, मधी पोट. मालकांचं मधी पातळ, कडंला जाड. बिघडलेली भाकरीच."

तेवढ्यात कृष्णात त्यांना न्यायला आला. शर्टाला गॉगल अडकवलेला.

"काकू, चष्मा म्हंजे चष्मा. म्हातारीला कामच नगं झालंय."

"मग तुझा गॉगल दे तिला. तोही चष्माच."

त्याचा हात पटकन गॉगलवर गेला. माझे डोके आणखीच तापले. "आईला खोटी ठरवताना लाज नाही वाटली? बाप गाडी चालवायचा, त्याला लांबचं दिसायला हवं होतं!"

"व्हय रं," बायडाबाई हळूच म्हणाल्या. "मालकांस्नी रस्ता बघायचा हुता. मला ताटातलं बघायचंय. पर त्यांचा चष्मा मी टाकणार न्हाय."

"टाकू नका. फ्रेम तीच ठेवून भिंगं बदलून मिळतात."

कृष्णात मान खाली घालून त्यांना घेऊन चष्म्याच्या दुकानाकडे गेला. मी तडक मेस गाठली आणि दोन्ही भिंगांतला फरक सांगितला. आक्का पीठ मळता मळता ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आता मला काय ठावं? भिंगं येईस्तोवर भाकऱ्या थापू द्या तिला. निवडायचं मग बघू." चूक झाली, हे काही त्यांच्या तोंडून निघाले नाही. पण उद्या ये, असा निरोप मात्र माझ्याकडेच दिला.

संध्याकाळी वहीत लिहिले: अख्खा मसूर, भात. मसूर मी चष्मा लावून निवडला. एक खडा दाताखाली आलाच.